गवत राखणाऱ्यांचा मोबदला: नागपूर परिसरातील चराई, झुडपी जंगल आणि वन्यजीव

१. प्रश्नाची मांडणी

नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची गाय वाघाने मारली की शासनाला त्याची दखल घ्यावी लागते. पंचनामा होतो, पशुवैद्यकाचा दाखला जोडला जातो आणि २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. शेळी-मेंढीसाठी ही कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. आता समजा, अशा गाई ज्या रानात चरतात त्या रानाचा एक भाग गावाने पावसाळाभर चराईला बंद ठेवला. तिथे गवताने बी धरले, लाव्या-तित्तिरांची घरटी टिकली, काळविटांना आडोसा मिळाला. या कामाची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. नुकसानीला दर आहे, राखणीला नाही.

राखणीला दर असावा का, असल्यास तो कशावर मोजावा आणि कोणाला द्यावा, हे या लेखाचे तीन प्रश्न आहेत. जगात अशा मोबदल्याचे अनेक प्रयोग झाले. बहुतेक ठिकाणी जमीन, जनावरे आणि ती राखणारे हात एकाच कुटुंबाचे किंवा एकाच समूहाचे असतात. नागपूर परिसरात हे तीन घटक तीन वेगळ्या हातांत आहेत. मोबदल्याची कोणतीही योजना इथे टिकायची असेल, तर तिला या विभागणीपासूनच सुरुवात करावी लागेल, असे प्रतिपादन मी पुढे करणार आहे.

२. रानाचे स्वरूप

सोलापूर-नगरकडच्या कोरड्या माळरानांपेक्षा नागपूरचे रान वेगळे आहे. इथे वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. काटोल-हिंगण्याच्या बाजूला काळ्या पाषाणाचे मुरमाड बरड, रामटेक-उमरेडच्या बाजूला जुन्या खडकांची हलकी जमीन. इतक्या पावसाच्या प्रदेशात गवत दीर्घकाळ गवत म्हणून राहते ते काही अंशी उथळ मातीमुळे, पण मोठ्या प्रमाणावर चराई, कापणी आणि आग यांच्यामुळे. हे तिन्ही थांबले तर काही वर्षांत पळस, बोर, भराटी आणि रायमुनिया यांची दाटी होते. त्यामुळे इथे गुरे हा रानाला बाहेरून चिकटलेला उपद्रव मानता येत नाही. रान ज्या रूपात आपल्यापुढे आहे, ते घडवण्यात गुरांचाही वाटा आहे.

या रानाचा मोठा भाग महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेला आहे. मालगुजारीच्या काळात गावाच्या निस्तारासाठी, मुख्यत: गुरांच्या चराईसाठी, या जमिनी राखलेल्या असत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या सुमारे ८६,००० हेक्टर झुडपी जमिनीचे काय करायचे हा वाद अनेक दशके चालला. तिच्यावर घरे, शाळा, दफनभूमी, शेती असे सर्व काही उभे राहिले. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनजमीन मानावी असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना संरक्षण देण्याचा मार्ग मोकळा ठेवला आणि या जमिनीवर सरसकट पर्यायी वनीकरण करता येणार नाही अशी अटही घातली.

ही अट गवताच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्याकडे गवताळ प्रदेश दीर्घकाळ ‘पडीक’ या सदरात गणले गेले. पडीक म्हटले की पहिला विचार खड्डे खणून झाडे लावण्याचा. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशानुसार भारताच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा आहे आणि त्यातला पाच टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. उरलेला जवळपास सगळा भाग गुराख्यांच्या, मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या वावरातला आहे. तिथला वन्यजीव टिकवायचा तर त्यांना वगळून योजना करता येत नाही.

३. चराई आणि वन्यजीव यांचा संबंध

या संबंधाकडे दोन टोकांच्या नजरेने पाहिले जाते. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारच्या अनुभवातून चराईबंदी ही आदर्श गावाची एक अट बनली. दुसरीकडे, चराई हा आपला हक्क आहे आणि तिच्यावर कोणतेही बंधन नको, असे मानणारेही आहेत. गवताचे जीवशास्त्र दोघांनाही पूर्ण साथ देत नाही.

मारवेल, पवन्या यांसारखी बहुवार्षिक, गुरांना आवडणारी गवते पावसाळ्यात वाढतात आणि नवरात्र-दिवाळीच्या सुमारास बी धरतात. मृगापासून सलग आणि दाट चराई झाली की याच गवतांचा कोंब पुन:पुन्हा खुडला जातो, मुळांतला साठा आटतो, बी पडत नाही. त्यांची जागा आधी कुसळी घेते, मग गुरे तोंड लावत नाहीत अशी तिखाडी, आणि शेवटी तरोटा, रानतुळस, गाजर गवत. ही घसरण जनावरांच्या संख्येइतकीच चराईच्या वेळेवर अवलंबून असते. तेवढीच गुरे दिवाळीनंतर आली असती, तर गवताचे एवढे नुकसान झाले नसते.

याउलट, चराई आणि कापणी दोन्ही अनेक वर्षे बंद राहिली तर वाळलेल्या गवताचा थर साचतो. नव्या कोंबांना उजेड मिळत नाही, झुडपे शिरतात, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून या वणव्याच्या हंगामात हा थर इंधन होतो. धाविक, चंडोल, माळटिटवी यांना आखूड गवत आणि उघडी जमीन लागते. तणमोराला पावसाळ्यात नाचण्यापुरती मोकळीक आणि घरट्यापुरता आडोसा, असे दोन्ही जवळजवळ लागते. काळवीट आखूड गवतात चरते, पण पाडस लपवायला उंच गवत शोधते. एकाच उंचीचे रान यातल्या सर्वांना पुरे पडत नाही. काही तुकडे चरलेले, काही राखलेले, काही नुकतेच कापलेले असा चट्ट्यापट्ट्यांचा नकाशा त्यांना लागतो, आणि तो चराईचे नियोजन करूनच मिळतो.

म्हणून मोबदला चराई थांबवण्यासाठी देणे शास्त्रीय दृष्ट्या चूक ठरेल. ज्या कृतीसाठी तो द्यायचा ती नेमकी सांगता येते: रानाचे भाग पाडून दर पावसाळ्यात त्यांपैकी एक बी गळेपर्यंत बंद ठेवणे, नंतर कापणी किंवा मर्यादित चराई करणे, आणि बंद भाग दरवर्षी फिरता ठेवणे.

४. मोबदल्याच्या चार पद्धती

जगभरच्या प्रयोगांची चार वर्गांत विभागणी करता येते.

पहिली, नुकसानभरपाई. आपल्याकडे रुळलेली पद्धत हीच. ती न्याय्य आहे आणि चालू राहायलाच हवी, पण तिच्यामुळे रान सुधारत नाही. पैसे मिळण्यासाठी घटना वाईटच घडावी लागते.

दुसरी, कृतीचा मोबदला. हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात किब्बर गावाने १९९८ मध्ये आपल्या कुरणातला सुमारे पाच चौरस किलोमीटरचा भाग गुरांना बंद केला आणि त्याबद्दल गावाला ठरावीक रक्कम मिळू लागली. चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाशी बोलणी करून हा करार घडवला. हिमबिबट्याचे भक्ष्य असलेल्या भरलांची संख्या तिथे वाढली, आणि पुढे गावाच्या सहभागातून जनावरांचा विमाही सुरू झाला. या पद्धतीची तपासणी सोपी असते: तुकडा बंद होता की नाही, एवढेच पाहायचे. उणीव अशी, की कृती नेमाने झाली तरी फळ मिळेलच असे नाही.

तिसरी, फळाचा मोबदला. आयर्लंडच्या बरन भागात २०१० पासून शेतकऱ्यांच्या गवताळ तुकड्यांना दरवर्षी दहापैकी गुण दिले गेले आणि गुणांनुसार पैसे. वाट कशी काढायची हे शेतकऱ्यावर सोपवले होते. स्वीडनमध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी समूहांना १९९६ पासून त्यांच्या चराई क्षेत्रात लिंक्स आणि वुल्व्हरिन यांच्या किती माद्यांनी पिल्ले घातली त्यावर रक्कम दिली जाते. किती रेनडिअर मारले गेले हे विचारले जात नाही. त्यामुळे हिंस्र प्राणी जिवंत राहण्यात पशुपालकाचा फायदा तयार झाला.

चौथी, बाजारातून मोबदला. अमेरिकेत पक्ष्यांना अनुकूल अशा कुरणांवर वाढलेल्या गुरांच्या मांसाला ऑडुबॉन संस्थेचे प्रमाणपत्र मिळते आणि ग्राहक त्याला पसंती देतो. आपल्याकडे ही वाट बंद आहे, कारण महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी २०१५ मध्ये बैल-वळूंपर्यंत विस्तारली. इथल्या चराऊ गाईकडून मिळते ते थोडे दूध, गोऱ्हे आणि शेणखत. गवळाऊ ही वर्धा-नागपूरची जात चपळ बैलांसाठी नावाजलेली. ट्रॅक्टर आल्यावर ती बाजारपेठ आटली. बाजारावर भिस्त ठेवायची तर फार तर शेणखत आणि गवळी कुटुंबांचा खवा-तूप यांच्यापुरती ठेवता येईल.

नागपूरसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीचे मिश्रण योग्य ठरते: काही रक्कम ठरलेली कृती केल्याबद्दल, आणि काही रानाच्या स्थितीत सुधारणा दिसल्यावर.

५. जमीन, जनावर आणि राखण

आता मूळ अडचणीकडे येऊ. बरनमधला शेतकरी जमिनीचा मालक, गाईंचा मालक आणि गुराखी, सगळे एकटाच असतो. त्याच्या खात्यात पैसे टाकले की काम झाले. नागपूर परिसरात झुडपी जमीन महसूल किंवा वन खात्याच्या दप्तरात आहे. गुरे शेतकऱ्यांची आहेत, प्रत्येकाची दोन-चार. सकाळी ती आखरावर जमतात आणि तिथून त्यांना रानात नेतो तो ढोरकी. बहुधा त्याची ना जमीन असते ना गुरे. कोणत्या नाल्याकाठी मारवेल उशिरापर्यंत हिरवे राहते, कुठे वाघाचा वावर आहे, कोणता बरड चार दिवस सोडला की पुन्हा फुटतो, हे ठाऊक असते ते त्याला.

पूर्व विदर्भात हे काम परंपरेने गोवारी समाजाने केले. दिवाळीतल्या गायगोधनाला त्यांच्या ढालीला आजही मान असतो. नागपूर शहराला मात्र हा समाज प्रामुख्याने २३ नोव्हेंबर १९९४ मुळे आठवतो: विधिमंडळ अधिवेशनावर आलेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. ज्यांच्याकडे रानाची सर्वांत बारीक ओळख आहे त्यांचे रानावर काहीच चालत नाही, ही विसंगती मोबदल्याच्या कोणत्याही योजनेने गृहीत धरली पाहिजे. वर्ध्याकडच्या नंदा गवळी कुटुंबांची स्थिती थोडी वेगळी: गुरे त्यांची, पण चराईची जमीन त्यांची नाही. हंगामापुरते येणारे भरवाड-रबारी पशुपालक तर गावाच्या कोणत्याच यादीत नसतात.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. गुरांच्या संख्येवर पैसे दिले, तर ते मालकांना मिळतील आणि गुरे वाढवण्याचे कारण होईल. राखणाऱ्याला काहीच मिळणार नाही. केवळ जमिनीच्या क्षेत्रावर दिले, तर ते खात्याकडे किंवा ग्रामपंचायतीच्या सर्वसाधारण निधीकडे जातील. म्हणून मोबदल्याचे तीन प्रवाह वेगळे ठेवावे लागतील: जमीन राखण्याचा निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेला, चारा पुढे ढकलावा लागणाऱ्या गुरांच्या मालकांना, आणि फेरपालट प्रत्यक्षात आणणाऱ्या ढोरक्याला.

ग्रामसभेचा निर्णय कायद्याने टिकावा यासाठी हक्क आधी लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्ताराचे हक्क, पशुपालकांचे चराईचे हक्क आणि सामूहिक वनसंसाधनाच्या व्यवस्थापनाचा अधिकार ही तिन्ही कलमे आहेत, आणि ‘वनजमीन’ या त्याच्या व्याख्येत मानीव वनेही येतात. झुडपी जमीन वनजमीन ठरल्यामुळे बांधकामांना अडथळा आला, ही तक्रार सर्वांनी ऐकली. त्याच निर्णयामुळे पात्र गावांना तिच्यावर सामूहिक दावा मांडता येऊ शकतो, याची चर्चा फारशी झालेली नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि बांबूच्या उत्पन्नावर गावाचे नियंत्रण आले. गवताच्या बाबतीत तेच करायचे आहे. हक्काशिवाय दिलेला पैसा ही वर्षभराची मजुरी ठरते. अधिकारी बदलला की ती थांबते.

रान ओळखणाऱ्या हातांनी राखण केल्याचे एक जवळचे उदाहरण विदर्भातच आहे. अकोला-वाशीम भागात फासेपारधी कुटुंबांनी ‘संवेदना’ संस्थेच्या सोबतीने तणमोराची गवताळ राने राखली. पिढ्यान्पिढ्या फासे लावणाऱ्यांची पक्ष्यांच्या सवयींची जाण राखणीच्या कामी आली. देशात तणमोरांची संख्या १९९९ मधल्या सुमारे साडेतीन हजारांवरून २०१८ च्या अहवालापर्यंत सातशेच्या खाली आल्याचा अंदाज आहे. या पार्श्वभूमीवर अशा तुकड्यांचे मोल कळते.

६. किती द्यावे?

रक्कम ठरवण्यासाठी आधी हानी किती होते ते पाहावे लागते. एक कल्पित हिशेब मांडू. गावाकडे ९० हेक्टर झुडपी आहे. त्याचे ३०-३० हेक्टरचे तीन भाग पाडले आणि दर पावसाळ्यात एक बंद ठेवला. हेक्टरी दोन टन कोरडे गवत येते आणि त्यातले निम्मे घेतले तर रानाला इजा होत नाही, असे मानू. बंद भागातला वापरण्याजोगा चारा ३० टन झाला. मध्यम बांध्याच्या गाईला दिवसाला सुमारे सात किलो कोरडा चारा लागतो. १२० दिवसांत ८४० किलो. म्हणजे साधारण ३५ जनावरांचा चार महिन्यांचा चारा अडून राहिला.

हा चारा बुडालेला नाही. दिवाळीनंतर तोच ३० टन गवत म्हणून कापता येतो. म्हणून पूर्ण ३० टनांची किंमत मोबदला म्हणून देणे अतिरेकी ठरेल. खरी हानी दोन गोष्टींची आहे: पावसाळ्यातले चार महिने ३५ जनावरांना दुसरे काही द्यावे लागते, आणि बी गळल्यानंतरच्या गवतात प्रथिने बरीच कमी झालेली असतात. पहिली हानी कुटार आणि तणस यांनी भरून निघते, दुसरी सरकी ढेपेने. गुरांच्या मालकांचा वाटा या दोन खर्चांएवढा असावा, आणि शक्यतो वस्तुरूपाने, जूनच्या आधी, मिळावा. पावसाळा संपल्यावर आलेला पैसा पावसाळ्यातल्या उपाशी गाईला बंद भागाबाहेर ठेवू शकत नाही.

ढोरक्याचा वाटा मात्र महिन्याच्या ठरलेल्या वेतनाच्या रूपाने हवा, त्यात विमाही धरायला हवा. वाघाच्या हल्ल्यात चंद्रपूर-नागपूर भागात गुराखी वारंवार बळी पडतात. उंच गवत राखायला सांगणाऱ्या योजनेने त्या धोक्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे. ग्रामसभेचा वाटा रानाच्या स्थितीशी जोडावा, म्हणजे सुधारणा होण्यात साऱ्या गावाचा रस राहील.

७. मोजणी

प्राणी मोजून पैसे देणे आकर्षक वाटते, पण ३० हेक्टरच्या तुकड्यासाठी ते फसवे आहे. काळवीट आज या गावात, उद्या शेजारच्या. सामींची चराई क्षेत्रे विशाल असल्यामुळे तिथे पिल्लांची मोजणी चालते. इथे मोजायचे ते गवत.

त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. ठरलेल्या रेषेवरून शंभर पावले चालायचे आणि प्रत्येक पावलाला अंगठ्यापुढे काय आहे ते नोंदवायचे: मारवेल-पवन्यासारखे चांगले गवत, कुसळी-तिखाडी, तरोटा-रानतुळस यांसारखे तण, की उघडी जमीन. अशा काही रेषा दरवर्षी कोजागरीच्या सुमारास मोजल्या की शेकड्यात थेट आकडा मिळतो. जोडीला जानेवारीत उरलेल्या गवताची उंची आणि उन्हाळ्यात वणवा लागला की नाही याची नोंद. मोजणी ढोरकी, ग्रामसभेचे दोन सदस्य आणि वनरक्षक यांनी मिळून करावी. दर काही वर्षांनी महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या विभागाने ती पडताळावी. पाऊस गावागावांत वेगळा पडतो, म्हणून तुलना गावाच्या आधीच्या वर्षांशी आणि शेजारच्या न राखलेल्या रानाशी करावी.

८. आक्षेप

पहिला आक्षेप: कायद्याने जे करायलाच हवे त्याचे पैसे का? राखीव वनात गुरे सोडणे हा भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे आणि राष्ट्रीय उद्यानात चराईला पूर्ण मनाई आहे. तिथे अशा मोबदल्याचा प्रश्न येत नाही. पण झुडपी ही पूर्वापार चराईचीच जमीन आहे. तिथे गाव स्वत:चा वापर मागे घेते, तेव्हा ते कायदापालनापलीकडचे काम असते.

दुसरा: एका गावाने रान बंद केले की गुरे शेजारच्या रानात जातील. हा धोका खरा आहे. म्हणून करार एकेकट्या गावाशी न करता पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या भोवतीच्या लगतच्या गावांच्या गटांशी करावा, आणि भरवाडांच्या हंगामी वाटा त्यात आधीच धरून ठेवाव्यात.

तिसरा: पैसा आला की जुनी राखणीची रीत मोडेल. जिथे रीत जिवंत आहे तिथे ही भीती विचारात घ्यायला हवी आणि पैशाऐवजी लसीकरण, पाणवठा, चारा कोठार अशी मदत द्यावी. बहुतेक गावांत मात्र ती रीत मालगुजारीनंतरच्या गोंधळात कधीच विस्कटली आहे.

चौथा, सर्वांत गंभीर: गुरेच कमी होत आहेत. २०१२ ते २०१९ या पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातला गोवंश सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आला. ढोरक्याचा मुलगा ढोरकी व्हायला तयार नाही. मग जी चराई स्वत:च मावळते आहे तिला आधार कशाला? दुसऱ्या विभागात दिलेले कारण इथे लागू पडते: हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात चराई संपल्यावर आपोआप काळविटांचे कुरण मिळत नाही, रायमुनियाची दाटी मिळते. ती दरवर्षी मजूर लावून काढण्याचा खर्च गुराख्याच्या वेतनाहून कमी असेल, असे मानायला आधार नाही.

९. निष्कर्ष

राखणीला दर असावा, कारण इथले गवत राखणीवाचून टिकत नाही. तो दर चराईच्या वेळेशी आणि गवताच्या स्थितीशी बांधावा. गुरांच्या किंवा दिसलेल्या प्राण्यांच्या संख्येशी बांधू नये. तो ग्रामसभा, गुरांचे मालक आणि ढोरकी या तिघांत वेगवेगळ्या रूपांत वाटावा.

यासाठी नवे खाते उघडायची गरज नाही. व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांभोवतीच्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिच्यातून गॅसजोडण्या आणि कुंपणे दिली जातात, तिथेच ‘चराई फेरपालट’ हे एक सदर वाढवता येईल. झुडपी जमिनींची तपासणी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर जिल्हा प्रशासनाला करायचीच आहे. ती करताना प्रत्येक तुकड्यापुढे निस्तारपत्रकातला जुना चराई हक्क आणि गवताची सध्याची स्थिती, हे दोन रकाने भरले तर कोणत्या गावांपासून सुरुवात करायची ते उन्हाळा संपण्याआधी कळेल. क्रम मात्र उलटता कामा नये: आधी ग्रामसभेचा हक्क, मग तीन वाट्यांचा करार, मग पहिला बंद पावसाळा, आणि त्यानंतर रानाच्या स्थितीवर ठरणारा पैशाचा हप्ता.